हाळीला ओ

शेजारच्या आप्पांच्या उसाला कालपासून कोयता लागला. सकाळी दात घासत ओट्यावर उभा राहिलो की आवाज येतो. खच्, खच्, मग पाचट सोलल्याची सरसर, मग पुन्हा खच्. वर्षभर आमच्या घराला पूर्वेकडून एक हिरवी भिंत असते. ती तीन-चार दिवसांत खाली बसते आणि एका सकाळी अचानक पलीकडची शाळा दिसते, शाळेमागचा कॅनॉल दिसतो, कॅनॉलवरून जाणारी दुधाची मोटारसायकल दिसते. ऊस तुटला की आमचं गाव मोठं होतं. तळेगाव ढमढेऱ्याच्या ह्या अंगाला राहणाऱ्या माणसाला वर्षातून एकदाच क्षितिज मिळतं, तेही साखर कारखान्याच्या कृपेनं.

पूर्वी ह्या दिवसांत मला हुरडा आठवायचा. आगटीतली राख, तळहातावर चोळलेली कणसं, लसणाची चटणी. आता आठवतो समुद्र. मी समुद्राकाठचा माणूस नाही. माझा पाण्याशी संबंध वेळ नदीचं डबकं, कॅनॉलचं आवर्तन आणि कंपनीतला कूलर एवढाच. पण कोयत्याचा आवाज आला, ओल्या पाचटाचा गोडसर वास नाकात गेला, की डोळ्यांपुढं खारट वाळू येते, तिच्यावर उमटलेले बायकोच्या बुटांचे ठसे येतात आणि माझ्या तोंडून सुटलेली ती हाळी येते. त्या हाळीची लाज अजून गेलेली नाही. जावी अशी माझी इच्छाही नाही.

हाळी म्हणजे काय ते सांगतो. शेतात लांबवर असलेल्या माणसाला दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरून जी हाक मारतात, ती हाळी. हाळी आली की पलीकडच्यानं ओ द्यायची. ओ म्हणजे उत्तर नव्हे. ‘जेवायला या’ म्हटलं तर येतो का नाही, ते ओ सांगत नाही. ओ एवढंच सांगते, की मी हाय. ओ आली की हाळी देणारा निवांत. ओ नाही आली तर चप्पल घालायलासुद्धा न थांबता पळायचं. लहानपणापासूनचा नियम आहे, कुणी शिकवत नाही, कुणी मोडत नाही.

बिबट्या आला आणि ह्या नियमाला नवीन काम लागलं. ऊस तुटतो तसं उसात राहणाऱ्यांचंही घर मोडतं. बिबट्याची मादी पिलांना घेऊन ह्या फडातून त्या फडात जाते, आणि मधल्या वाटेवर आम्ही असतो. मग गावात सल्ले सुरू होतात. एकटं जाऊ नका. गेलात तर मोठ्यानं बोलत जा. बोलायला कुणी नसेल तर मोबाइलवर गाणी लावा. काठीला घुंगरं बांधा, काठी आपटत चला. थोडक्यात, आपण येतोय हे जनावराला आधी कळलं पाहिजे. आमच्या गावात आता पहाटे पाणी धरायला निघालेला माणूस आणि लग्नाची वरात यांच्यात आवाजाचा फरक राहिलेला नाही.

गोष्ट तीन हिवाळ्यांमागची. आमचा कुत्रा एका संध्याकाळी परत आला नाही. त्याचं नाव वाघ्या होतं. ह्यावर हसावं की रडावं ते मला तेव्हाही कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मंगल, म्हणजे आमची सौभाग्यवती, शेवंती तोडायला शेतात गेली, आणि बांधावर बिबट्या बसलेला होता. बारा-पंधरा पावलांवर. तो उठून गेला. ती घरी आली. काही झालं नाही. म्हणजे अंगावर ओरखडासुद्धा नाही. पण हळूहळू ती शेतात जायची बंद झाली.

शेत तिचं आहे. सातबाऱ्यावर नाव माझं असेल, पण त्या कागदाखेरीज माझा त्या अडीच एकराशी संबंध नाही. मी रांजणगावच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. बेअरिंगचे नंबर मला झोपेत विचारा. पण एकदा खुरपायला गेलो होतो, तेव्हा मी गवत ठेवून झेंडू उपटला होता. त्यानंतर मला शेतात फक्त डबा घेऊन यायची परवानगी उरली. शेवंती कधी खुडायची, कुठली कळी उद्यावर ठेवायची, कांद्याला पाणी कधी तोडायचं, हे सगळं मंगलच्या हातात होतं. तिचं माहेर दौंडच्या बाजूचं, भीमाकाठचं. पाण्यात आणि चिखलात वाढलेली बाई. ती दोन वर्षं घरात बसली आणि दिवसातून तीन वेळा फरशी पुसायला लागली. आणि एक दिवस पोळी लाटता लाटता म्हणाली, “संक्रांतीनंतर शेत वाट्यानं देऊन टाकू. बाळू इचारतोय.”

बाळू म्हणजे वरच्या आळीचा, चांगला कष्टाळू माणूस. त्याच्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. मी म्हणालो, “बरं.” मला वाटलं, मी समजूतदारपणा केला.

ह्या सगळ्यात पळणं कुठून आलं? आमच्या मुलीकडून. ऋतुजा पुण्यात नोकरी करते आणि रविवारी सकाळी, जगातली सगळी शहाणी माणसं अंथरुणात असताना, पळायला जाते. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून तिनं आम्हाला भेट दिली. लोक आईबापांना साडी देतात, मोबाइल देतात. हिनं आमची दोघांची नावं एका शिबिरात घातली. पार खाली, पूर्वेच्या समुद्राकाठी एक राष्ट्रीय उद्यान आहे, तिथं चार दिवस राहायचं, वाटाड्याबरोबर जंगलातल्या वाटांवरून घोळक्यानं पळायचं.

“ट्रेल रनिंग रिट्रीट आहे, पप्पा.”

“ट्रेलर रनिंग?” आमच्याकडं उसाचा ट्रेलर सोडून दुसरा ट्रेल कुणाला माहीत?

आप्पांना सांगितलं तर त्यांनी तंबाखू चोळता चोळता हात थांबवला. “पळायला फी भरून जायाचं?”

“व्हय आप्पा.”

“हितं कुत्रं मागं लागलं तर फुकट पळतोय माणूस.”

ऋतुजानं मोबाइलवर तक्ता पाठवला. आठ आठवडे, रोज थोडं चालणं, थोडं पळणं. मी पहिल्या दिवशी मोठ्या उमेदीनं कॅनॉलच्या रस्त्यानं पळत सुटलो. समोरून मोटारसायकलवाला थांबला. “काय झालं? कोण गेलं?” कुणी गेलं नाही म्हटल्यावर त्याचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी त्याहून वाईट झालं. आमच्याकडं मोटारीची लाईट दिवसा कधी येईल याचा नेम नसतो, आणि आली की माणूस स्टार्टरकडं धावतो. मला पळताना बघून आप्पा गोठ्यातून ओरडले, “दत्ता, लाईट आली का रंऽ?” मी दमलेलो, नुसताच हात वर केला. त्यांना वाटलं व्हय. ते पळाले. त्यांना बघून त्यांचा पुतण्या पळाला. पुतण्याला बघून पलीकडचे तिघं. दहा मिनिटांनी पाच माणसं पाच विहिरींवर बंद मोटारी दाबत उभी होती आणि पाचही जण माझं नाव घेत होते. बाकी म्हणाल तर त्या आठवड्यात गावाचा व्यायाम चांगला झाला.

मंगल मात्र पळाली. पहिले दोन दिवस साडीवर बूट घालून, मग ऋतुजाचा जुना ड्रेस घालून. घर ते शाळा, शाळा ते घर, ऊन वर आल्यावर, माणसांच्या वाटेवरून. शाळेत असताना ती खो-खोत होती हे मला पंचवीस वर्षांत दोनदाच ऐकायला मिळालं होतं, दोन्ही वेळा भांडणात. आता दिसलं. मी तिच्या मागून धापा टाकत जायचो आणि वळणावर ती दिसेनाशी झाली की हाळी द्यायचो, “मंगऽल!” तिकडून यायचं, “ओऽ!” मग मी आरामात चालायचो.

दौंडला गाडी पकडली. माझी थोरली बहीण तिथं स्टेशनाजवळ राहते, तिला आम्ही अक्का म्हणतो. अक्का फलाटावर धपाट्यांचा एवढा मोठा डबा घेऊन उभी होती, की शेजारच्या प्रवाशाला वाटलं आम्ही कँटीनचे आहोत. गाडी हलता हलता अक्का खिडकीबरोबर चालत सांगत होती, “समुद्राकडं पाठ करून उभं ऱ्हाऊ नका! आन् मंगल, ह्याला फुडं पळू दिऊ नको, रस्ता चुकंल!” तिला खात्री होती की मी पुढं पळू शकतो. थोरल्या बहिणीचं प्रेम आंधळं असतं.

शिबिरात आम्ही अकराजण होतो, पुण्याहून परस्पर येऊन मिळालेली ऋतुजा धरून. सगळ्यांच्या मनगटावर मोठाली घड्याळं, पाठीवर पाण्याच्या पिशव्या आणि पिशवीतून तोंडापर्यंत आलेली नळी. आमच्याकडं फवारणीचा पंप असतो, अगदी तस्सा. मी एकाला विचारलंसुद्धा, “कुठलं औषध भरलंय?” तो म्हणाला, “इलेक्ट्रोलाइट.” मी म्हणालो, “मावा जातो का त्यानं?” ऋतुजा माझ्यापासून जरा लांब जाऊन बुटाची नाडी बांधायला लागली. ती नाडी बराच वेळ बांधत होती.

शिबिर चालवणारी सायली पुण्याचीच, तिशीतली, वेताच्या छडीसारखी सडसडीत. तिच्याबरोबर तिथला वनखात्याचा वाटाड्या होता, सेल्वम. त्याला हिंदीचे दहा शब्द येत आणि तो त्यातले आठ वापरत नसे. सायलीनं पहिल्या संध्याकाळी सगळ्यांना वाळूत बसवून नियम सांगितले. आखलेली वाट सोडायची नाही. कचरा करायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आवाज नाही. “आपण इथं पाहुणे आहोत. आपण आलोय हे ह्या जंगलाला कळूसुद्धा द्यायचं नाही.”

मी मंगलकडं बघितलं. मंगलनं माझ्याकडं बघितलं. आम्ही दोन वर्षं ह्याच्या बरोब्बर उलट शिकत होतो.

दुसऱ्या दिवशी त्याची प्रचीती आली. सुरूच्या बनातून वाट निघाली की खारट मातीचं माळरान लागायचं आणि मग छातीएवढं गवत. त्या गवताशी पोचलो आणि माझ्या हातांनी आपोआप टाळ्या वाजवल्या. घसा खाकरला. पाय आपटले. सायली पुढून परत आली. “काका, बरं वाटत नाहीये का?” मी म्हणालो, “न्हाई, न्हाई, सवय.” “कसली सवय?” आता त्या पोरीला काय सांगायचं? पुढच्या गवताशी मी तोंडावर रुमाल धरून खाकरलो. सेल्वम माझ्याशेजारून चालत होता, त्यानं ओठावर बोट ठेवलं आणि त्याच्या दहांतला एक शब्द खर्च केला. “चुप.”

सगळ्यात मागं राहणाऱ्याला तिथं ‘स्वीप’ म्हणतात. ऋतुजानं सांगितलं, ते मानाचं काम असतं, मागं कुणी राहिलं नाही ना ते बघायचं. मी चारही दिवस ते काम केलं. माझ्या मागं कुणी राहिलं नाही, ह्याची मी जातीनं खात्री देऊ शकतो.

तिकडं सूर्य समुद्रातून उगवतो. आम्हाला शाळेत समुद्र पश्चिमेला शिकवला होता, त्यामुळे पहिल्या सकाळी मला वाटलं, मीच उलटा झोपलो होतो. सूर्य वर यायच्या आधी पाण्याला एक रंग यायचा. तो मी फक्त एका ठिकाणी बघितला आहे, कांदा चिरताना आतल्या पापुद्र्याला असतो तो. मंगलला सांगितलं तर म्हणाली, “व्हय, लाल कांद्याच्या. गरव्याच्या न्हाई.” समुद्राकाठी उभं राहून आम्ही कांद्याच्या वाणावर बोललो. माणूस सातशे-आठशे मैल लांब गेला तरी आपलं वावर खिशात घेऊन जातो. आणि तेच वावर आम्ही संक्रांतीनंतर देणार होतो. बोलता बोलता ते दोघांनाही आठवलं असावं, कारण मंगल बुटातली वाळू झटकायला लागली, आणि मीही.

तिसऱ्या सकाळी मौन फेरी होती. निरीक्षण मनोऱ्यापासून खाजणापर्यंत चारेक किलोमीटरची एकच वाट, फाटे नाहीत, धोक्याचं जनावर नाही. एकेकानं निघायचं, पाच-पाच मिनिटांच्या अंतरानं. फोन मनोऱ्यापाशी ठेवायचा. बोलायचं नाही. ज्याला एकटं जायचं नसेल त्यानं सेल्वमबरोबर जायचं. सायली आणि ऋतुजा आधीच पुढं गेल्या होत्या. सायली जाताना म्हणाली होती, “काकू, तुम्ही काकांबरोबर या, काही हरकत नाही.”

मंगल म्हणाली, “म्या एकली जाईन.”

मी म्हणालो, “अगं पण...”

ती माझ्याकडं न बघता बुटाची नाडी घट्ट करत होती. दोन वर्षांत ती घरातून शाळेपलीकडं एकटी गेली नव्हती. मला खरं तर आनंद व्हायला पाहिजे होता. झाला तो असा, की मीही घाईघाईनं माझी नाडी आवळायला लागलो. ती सुरूच्या बनात शिरली, तिची निळी ओढणी दोनदा दिसली, मग दिसली नाही. सेल्वमनं मला पाच मिनिटं थांबवून ठेवलं. ती पाच मिनिटं मी कशी काढली ते त्याला विचारा, त्याच्या आठ शिल्लक शब्दांत तो सांगेल.

मग मी निघालो. सुरूच्या काटक्यांचा मऊ थर, पायाचा आवाज येत नव्हता. माझाच येत नव्हता, तर तिचा कुठून येणार? वाळूत मात्र तिच्या बुटांचे ठसे होते, आडव्या रेघा आणि मध्ये चांदणी. मी ते ठसे बघत बघत चाललो होतो. ते होते तोवर मी शहाणा होतो. बन संपलं, ताडाची झाडं सुरू झाली, उजवीकडं खाजणाचं पाणी लकाकायला लागलं, आणि एका ताडापाशी ठसे वाट सोडून बाजूला गेले. चार पावलं. आणि पुढं गवत.

ह्यापुढचं मी ठरवून केलेलं नाही. हात आपोआप तोंडाशी गेले. “मंगऽऽऽल!”

आमच्या शिवारात ती हाळी कॅनॉलपलीकडं जाते. तिथं मध्ये ऊस नव्हता, घर नव्हतं, मोटारीची घरघर नव्हती. ती सरळ पाण्यावर गेली. आणि खाजणाच्या पलीकडच्या कडेला मी ज्याला फेस समजत होतो तो फेस उठला. शेकडो रोहित पक्षी. आधी माना, मग पंख, मग पंखांखालचा तो लाल रंग. अख्खं आभाळ बोंबलत वर गेलं. आयुष्यात इतकं सुंदर काही बघितलं नव्हतं, आणि ते मी केलेल्या चुकीमुळं दिसत होतं.

पण मी ते बघायला थांबलो नाही. कारण ओ आली नव्हती.

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. मळ्यातून, विहिरीवरून, न्हाणीघरातून, रागात असताना, ताप असताना, बाळंतपणात दवाखान्याच्या पडद्याआडून, कुठूनही मंगलची ओ आलेली आहे. मी पळालो. त्या शिबिरात मी खरं पळालो ते एवढंच. ऋतुजानं माझ्या मनगटावर बांधलेल्या घड्याळात नंतर बघितलं तर त्या तुकड्यात मी कॉलेजच्या पोरांसारखा पळालो होतो. ती म्हणाली, “पप्पा, इथं काय झालं?” मी म्हणालो, “उतार होता.”

मंगल ताडाच्या मागं उकिडवी बसली होती. धडधाकट. तिनं वर बघितलं. ती रडत होती असं मला वाटलं. मग वाटलं हसतेय. दोन्ही नव्हतं, ती चिडली होती.

“गेलं,” ती म्हणाली.

“काय?”

“हरण. काळवीट. हितं हुतं, ह्या झुडपापशी. माझ्याकडं बघत.”

“मग ओ का नाही दिलीस?”

“ओ दिली आस्ती तर पळालं आस्तं.” ती उठली, गुडघ्याची वाळू झटकली. “तर तुमी हायच वरडून पळवायला!”

आम्ही वाटेवर आलो. मौन पाळायचं होतं, पण मौनाचं जे काय व्हायचं ते होऊन गेलं होतं. मागून सेल्वम आला, त्यानं आभाळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि आमच्यापासून वीस पावलं मागं थांबला. भला माणूस.

मंगल हळू आवाजात बोलायला लागली. समोर बघत.

“बिबट्या बसला हुता ना बांधावर, तवाबी असंच झालं हुतं. त्यानं माझ्याकडं बघितलं, म्या त्याच्याकडं. दोघंबी गप. छाती उडत हुती, न्हाई कशाला म्हणू. पर मग त्यो उठून गेला, मीबी चार फुलं तोडली आन् घरला आले. चार फुलं तोडली म्या. तुम्हाला ठावं हाय का?”

मला ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. मी त्या दिवशी कंपनीतून अर्धी रजा टाकून आलो होतो, गावभर सांगितलं होतं, फटाके आणले होते, घुंगुरकाठी आणली होती. काय काय झालं ते मीच तिला सांगितलं होतं.

“दुसऱ्या दिवशी परत गेले म्या शेतात. आठवतंय का? घंटाभरात तुमचा फोन. कुठं हाय? मग परत. काय करती? मग आप्पांना फोन करून त्यांच्याकडनं हाळी. मग चहाच्या सुट्टीत परत फोन. फोन आला की म्या दचकायची. का दचकायची? बिबट्या थोडाच फोन करतूय? पर तुम्ही इचारलं की वाटायचं, आसंल. हितंच कुठं तरी आसंल. फूल तोडायचं का ओ द्यायची?” ती थांबली. “बिबट्या येकदा दिसला वो. तुम्ही दिवसातनं ईस डाव दाखवला. म्या भिऊन न्हाई बसले घरात. ओ देऊन देऊन दमले.”

कंपनीत माझ्या शेजारी एक बिहारचा मुलगा पॅकिंगला असतो, तो त्या दिवसांत म्हणायचा, “दत्ता भाऊ, भाभी को फिर फोन? कितना प्यार है!” मी लाजायचो. मलाही तेच वाटायचं, प्रेम आहे. प्रेम असेलही. पण स्टोअरच्या खिडकीत बसून, काचेच्या आत, पंख्याखाली, मी माझी भीती फोन करून करून तिच्या शेतात पोचती करत होतो. आणि ती बिचारी प्रत्येक वेळी ओ देऊन पोच देत होती.

“आज पयल्यांदा एकली हुते,” मंगल म्हणाली. “कुणाला ठावं न्हवतं म्या कुठं हाय ते. लई बरं वाटत हुतं.”

खाजणाशी सगळे आमची वाट बघत उभे होते. सायलीनं मला काही बोलायच्या आधी आभाळाकडं बोट केलं. रोहित अजून घिरट्या घालत होते. “काका, हे तुम्ही?” मी मान खाली घातली. तिचा चेहरा खरोखरच पडला होता. पक्ष्यांना असं उठवलं की त्यांचं खाणं तुटतं, जीव दमतो, हे तिनं मला नंतर समजावून सांगितलं, अगदी न ओरडता. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी ऐकत होतो आणि मला वाटत होतं, ही कुणाबद्दल सांगते आहे?

परतीच्या गाडीत मंगल खिडकीशी होती. भिगवणच्या अलीकडं उजनीचं पाणी लांबवर चमकलं आणि त्याच्या कडेला एक गुलाबी रेघ दिसली, का मला तसं वाटलं. मंगल म्हणाली, “ते बघा. तुम्ही उठावलेलं हितं यिऊन बसलं.” डब्यातली माणसं वळून बघायला लागली इतकी ती हसली. दोन वर्षांत मी ते हसू ऐकलं नव्हतं. दौंड आलं तेव्हा फलाटावर अक्का होतीच. तिनं आधी मला विचारलं, “रस्ता चुकला न्हाईस ना?” मी म्हणालो, “चुकलो होतो.” मंगल पुन्हा हसायला लागली.

संक्रांतीचा तिळगूळ घ्यायला बाळू आला, तेव्हा त्यानं सरळच विषय काढला. “वहिनी, मग कधीपासनं नांगर घालू?” मंगलनं त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. “घालायचा न्हाई, भावजी. रागवू नगा. गोड बोला.” बाळू माझ्याकडं बघायला लागला. मी तिळगूळ चावत होतो. तो फार कडक झाला होता, त्यामुळे मला बोलता आलं नाही, हे एक बरं झालं.

करार तिनंच केला. ऊन वर आल्यावर जायचं, दिवस कलायच्या आत यायचं. घुंगुरकाठी न्यायची, फडाच्या कडेनं जायचं नाही, तोडणीच्या दिवसांत आप्पांच्या सुनेला बरोबर घ्यायचं. बिबट्या काही आमच्याकडून तिळगूळ घेऊन गेलेला नाही, तो आहेच. “पर मधी फोन न्हाई. हाळी न्हाई. निघताना सांगीन, आल्यावर सांगीन.” पहिल्या दिवशी कंपनीत एकानं माझ्याकडं बेअरिंग मागितलं आणि मी त्याला नटांचा डबा दिला. दुसऱ्या दिवशी फोन कपाटात ठेवून किल्ली त्या बिहारच्या मुलाकडं दिली. तो म्हणाला, “झगडा हुआ क्या?” मी म्हणालो, “नहीं रे, उल्टा.” त्याला काही कळलं नाही.

एक वर्ष झालं. सवय झाली म्हणणार होतो, पण खोटं कशाला बोलू?

आज मला सुट्टी आहे. मंगल मघाशी आप्पांच्या सुनेला घेऊन गेली. दाराशी थांबून “येते हो,” म्हणाली, म्हणजे पहिली ओ पोचली. मी चहाचं भांडं गॅसवर ठेवून ओट्यावर आलो. आप्पांच्या उसाची भिंत निम्मी खाली आली आहे आणि त्या खिंडारातून आमची शेवंती दिसते, पिवळी, धुक्यात अर्धी बुडालेली. घुंगरांचा आवाज येत होता. छुम, छुम, छुम. दोघींच्या बोलण्याचा आवाज येत होता. मग आप्पांची सून मोटारीकडं वळली असावी, बोलणं थांबलं. नुसती घुंगरं. आणि मग घुंगरंही थांबली.

शेताच्या मधोमध. कोयतेही नेमके त्याच वेळी थांबले होते, तोडणीवाले न्याहारीला बसले होते.

मी थांबलो. मनात म्हटलं, फुलं तोडत असेल. काठी खाली ठेवली असेल. मग म्हटलं, फुलं तोडताना तर ती गुणगुणते. माझे हात वर आले, तळवे जुळले, तोंडाशी ओंजळ झाली. छातीत हवा भरली. धुक्यात कुठंतरी ती उभी होती, आणि ती कशाकडं तरी बघत होती, एकटी, आणि काय ते मला ठाऊक नव्हतं.

“काय रं दत्ता,” गोठ्यातून आप्पांनी विचारलं, “हाळी देतूस का?”

मी ओंजळीत फुंकर मारली. गरम वाफ बोटांतून बाहेर आली.

“न्हाई आप्पा,” मी म्हणालो. “हात गार पडल्यात.”